पेन्सिलची चौथी फुली

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरच्या एक भगिनी लिहितात. वय ४४. एका पतसंस्थेत बऱ्याच वर्षांपासून नोकरी, सध्या कर्जाच्या काऊंटरवर. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. जन्मल्यावर त्या वाचतील अशी आशा नव्हती, तेव्हा आईनं नवस केला होता, "पोर वाचली तर देवाच्या सेवेला देईन." हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या कन्व्हेन्शनमध्ये बाहेरगावच्या वक्त्यांनी विचारलं, "प्रभूपुढे उभे राहाल तेव्हा हातात काय घेऊन जाल?" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. संडे स्कूलची मैत्रीण गडचिरोलीकडे मिशनच्या वसतिगृहात पूर्णवेळ सेवेत आहे. "ती देवाचं काम करते, मी लोकांचे हप्ते मोजते," असं त्या लिहितात. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जावं असं मनात आहे. नवरा म्हणतो, "आता हे काय नवीन सुरू करून राहिली तू?" प्रार्थनेला बसलं की झोप लागते, याचा अपराधीपणा वेगळाच. महिला मंडळानं खजिनदार व्हा म्हटलं, तर "तिथेही हिशेबच" म्हणून नकार दिला. मधेच एक ओळ आहे: "आमच्याकडे कर्जाच्या फॉर्मवर पेन्सिलनं चार फुल्या मारून द्यायच्या, लोक तिथे सही करतात, चौथी विम्याची असते, कुणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही. अशा कामात देव कुठे सापडणार?" आणि शेवटी, "देवानं मला वाचवलं ते कशासाठी?"

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम.

आधी झोपेचं बोलू. बाकीचे निर्णय झोप झालेल्या माणसानं घ्यायचे असतात. तुमचा दिवस तुम्हीच लिहून पाठवला आहे. पाचला उठणं, दोन डबे, सासूबाईंचं अंग पुसणं, मदतीची मावशी आली की धावतपळत ऑफिस, संध्याकाळी परत तेच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, त्यामुळे रात्रीही अलार्म. अशी बाई रात्री साडेदहाला बायबल उघडून बसली आणि दोन-चार ओळींत पेंगली, तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा कसा काय झाला? प्रभू पकडला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करत होता, तेव्हा शिष्यसुद्धा झोपले. प्रभूनं त्यांना उठवलं, बोलही लावला, पण आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हे त्याच दमात तोच म्हणाला. आणि एलीया संदेष्टा आठवा. थकून झुडपाखाली पडला होता, "पुरे झालं, आता मरण दे" म्हणत होता. देवदूत आला तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. ऊठ, खा. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. उपदेश केला नाही. पुढची सगळी मोठी गोष्ट, होरेब डोंगरावर ऐकलेली देवाची मंद वाणी, ती त्या दोन झोपांच्या नंतरची आहे.

तेव्हा पहिलं काम, रात्र वाटून घ्या. अर्धी रात्र नवऱ्यानं अलार्म लावावा. आई त्यांची आहे. मुलाची परीक्षा होऊ द्या, मग त्यालाही आजीची कूस कशी बदलायची ते शिकवा. आणि मंडळीतल्या एखाद्या बहिणीला सांगा, "शनिवारी दुपारी दोन तास आमच्या सासूबाईंजवळ बसता का?" विचारायला जड जाईल. आपल्याकडे मंडळीत देण्यावर भरपूर संदेश होतात, मागण्यावर एकही ऐकल्याचं मला आठवत नाही. प्रार्थना सकाळी काऊंटर उघडण्याआधी करा, खुर्चीत बसल्या बसल्या. दोन मिनिटं पुरतात. त्या दिवशी कोणाची कोणाची कर्जप्रकरणं आहेत ते तुमच्यासमोर असतंच. त्या नावांसाठी प्रार्थना करा.

आता मुद्द्याकडे. "ती देवाचं काम करते, मी हप्ते मोजते." हे वाक्य तुमचं एकटीचं नाही. आपल्या सगळ्याच मंडळ्यांत एक न लिहिलेली उतरंड आहे. वर मिशनरी, मग पाळक, मग सुवार्तिक आणि बायबलबाई, मग शाळेतले आणि दवाखान्यातले, आणि तळाशी बँक, रेल्वे, दुकान, स्वयंपाकघर. याला आपला इतिहासही कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात 'मिशनमध्ये असणं' हीच भाकर होती आणि हाच मानही होता. त्यामुळे मिशन कंपाऊंडच्या फाटकाच्या आत ते देवाचं आणि बाहेर ते जगाचं, अशी सवय मनाला लागली. कंपाऊंडच्या भिंती पुष्कळ ठिकाणी पडल्या, काही विकल्याही गेल्या (त्याबद्दल इथे न बोललेलं बरं), पण मनातली भिंत उभीच आहे.

गंमत म्हणजे ज्यांनी इथे मिशनचं काम सुरू केलं, त्यांना ही भिंत इतकी जाणवत असावी असं वाटत नाही. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण रोज पाहतो तेच. ते उपदेश करत, शाळा चालवत, आणि त्याच माणसानं या भागातले खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांची गाणी आणि कथा उतरवून घेतल्या. एका खनिजाला त्यांचं नाव आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना नदी ओलांडताना ते बुडून गेले. त्यांच्या दिवसातला कोणता तास देवाचा आणि कोणता दगडांचा, हे वेगळं काढून दाखवा म्हटलं तर कठीण जाईल.

शास्त्रातही पाहा. प्रभू स्वतः साधारण तिशीपर्यंत सुतारकाम करत होता. प्रेषित पौल तंबू शिवत होता, अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर, करिंथात. गरसेकरांच्या प्रदेशात ज्याच्यातून भुतं निघाली, त्या माणसानं तारवात चढणाऱ्या येशूला विनवलं, मलाही बरोबर न्या. पूर्णवेळ सेवेची इतकी स्पष्ट इच्छा! येशूनं त्याला परवानगी दिली नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा म्हणाला.

मात्र इथे एक सावधगिरी. 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन अशा वेळी हमखास सांगितलं जातं, आणि मग संपलं; हसतमुखानं हप्ते मोजा, तीच सेवा. मला हे फार स्वस्त उत्तर वाटतं. ते वचन पौलानं दासांना लिहिलं होतं, ज्यांना काम निवडण्याची सोयच नव्हती. मालकांनी आणि मॅनेजरांनी ते पुढे आपल्या सोयीनं वापरलं. कुठलंही काम गोड मनानं केलं की ते आपोआप देवाचं होतं, असं नाही. काय काम करतो, कसं करतो, त्यात समोरच्याचं काय होतं, हे पाहावंच लागतं.

म्हणून मी तुमच्या त्या मधल्या ओळीकडे येते. पत्रभर तुम्ही देव गडचिरोलीत शोधला, बायबल कॉलेजात शोधला. माझी नजर पेन्सिलच्या चौथ्या फुलीवरून हलली नाही.

काऊंटरपलीकडे कोण उभं असतं? ऑटोवाला, शिलाई मशीन घेणारी बाई, पोह्याची गाडी टाकणारा पोरगा. हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स, बरोबर ओशाळलेला जामीनदार. त्याला घाई नसते, भीती असते. काही विचारलं तर कर्ज अडेल ही भीती. तुम्ही फॉर्म फिरवून त्याच्याकडे करता, बोट ठेवता, इथे, इथे, इथे आणि इथे. तो सही करतो किंवा अंगठा उठवतो, आणि हातात पडलेली रक्कम थोडी कमी भरली की "कापून आली असेल" म्हणून घरी जातो. यात तुमचा फायदा काही नाही, टार्गेट शाखेचं आहे, हे मला समजतं. विमा वाईट असतो असंही मी म्हणत नाही. कमावता माणूस अचानक गेला तर तो विमा घरच्यांना आणि जामीनदाराला वाचवू शकतो. पण मग सांगायला काय हरकत आहे? आणि न सांगण्याचा खरा तोटा पुढे होतो. विमा उतरवला आहे हेच घरात कोणाला माहीत नसतं. माणूस जातो, विम्याचा दावा कोणी करत नाही आणि विधवा बाई हप्ते फेडत राहते.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते. "गुरुजी, आम्ही काय करावं?" तुमचाच प्रश्न. योहान स्वतः रानात राहणारा, टोळ आणि रानमध खाणारा माणूस. तो सहज म्हणू शकला असता, सोडा ती नोकरी, या माझ्यामागे. त्यानं सांगितलं, तुम्हाला ठरवून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. काऊंटर तेच, फक्त तिथे बसण्याची तऱ्हा वेगळी.

हे सोपं नाही, आणि तुम्ही उद्याच शूर व्हा असं मी सांगणार नाही. घर तुमच्या पगारावर उभं आहे. पण पायऱ्या आहेत. पहिली, आज जमण्यासारखी: चौथ्या फुलीवर बोट ठेवताना तोंडानं सांगायचं, "हा विमा आहे, याचे इतके रुपये कापले जातात, नको असेल तर आत्ता सांगा." आवाज चढवायचा नाही, टीका करायची नाही, फक्त सांगायचं. पुष्कळ लोक ऐकूनही घेतीलच. दुसरी: ज्यांनी आधी न कळता सह्या केल्या ते दर महिन्याला हप्ता भरायला तुमच्यासमोर येतातच. त्यांना सांगा, तुमचा विमा आहे, हा कागद घरी बायकोला दाखवून ठेवा, वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तिसरी: मॅनेजरशी बोलणं. ते एकटीनं, चारचौघांत नाही, आणि तक्रारीच्या सुरात नाही. "साहेब, मी सांगून विकते, आकडा थोडा खाली येईल, पण उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर शाखेवर येणार नाही." सोबत एखादी सहकारी तयार झाली तर फार बरं. चौथी: तरीही दबाव आला तर ठेवीच्या काऊंटरवर बदली मागणं. आणि तेही नाही झालं, उलट खोटं लिहायला सांगू लागले, तर दुसरी नोकरी शोधणं. त्या दिवशी तुम्ही राजीनामा दिलात तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. तो कारणासह दिलेला राजीनामा असेल.

आता आईचा नवस. यावर मी बराच विचार केला, कारण तुमच्या अस्वस्थतेचं मूळ कन्व्हेन्शनमध्ये नाही, इथे आहे असं मला वाटतं. नवसाचं लेकरू म्हटलं की आपल्याला हन्ना आणि शमुवेल आठवतात. मूल होत नव्हतं तेव्हा हन्नेनं नवस केला होता, मुलगा झाला तर देवाला देईन. पण ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो. हन्नेनं मुलाला मंदिरात नेऊन सोडलं, तिचा नवस तिथे फिटला. शमुवेलाला देवाची हाक आली ती नंतर, वेगळी, त्याच्या नावानं. आईच्या नवसानं तो मंदिरात पोहोचला होता, पण हाक ओळखणं त्याचं त्यालाच करावं लागलं, आणि तेही एकट्याला जमलं नाही. एलीनंच बोलावलं समजून तीनदा तो त्या म्हाताऱ्या याजकाकडेच धावला.

त्या मंदिरात काय चाललं होतं तेही वाचा. पहिल्या शमुवेलाचा दुसरा अध्याय. एलीचे मुलगे याजक होते, म्हणजे आपल्या भाषेत पूर्णवेळ सेवेत. लोक यज्ञ करायला येत, मांस शिजत असताना याजकाचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा, जे वर येईल ते याजकाचं. कधी शिजण्याआधीच कच्चं मागायचे, नाही दिलं तर जबरदस्ती. लोक गप्प बसून देत. चौथी फुली मंदिरातसुद्धा होती, भगिनी. आणि त्या नवसाच्या पोराला देवानं जो पहिला निरोप दिला, तो याच गोष्टीचा होता, आणि द्यायचा होता त्याच्याच वरिष्ठाला. पोरगा घाबरला. सकाळपर्यंत पडून राहिला, उठून रोजच्यासारखी मंदिराची दारं उघडली आणि एलीनं विचारलं तेव्हा काही न लपवता सांगितलं.

हाच शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलापुढे उभा राहिला. आयुष्याचा हिशेब द्यायची वेळ होती. इतके यज्ञ केले, राजा अभिषिक्त केला, असं त्यानं सांगितलं नाही. त्यानं विचारलं, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला ठकवलं? कोणाकडून लाच घेतली? लोक म्हणाले, कोणाकडून काही घेतलं नाही. कन्व्हेन्शनच्या वक्त्यांचा 'हातात काय घेऊन जाल' हा प्रश्न चांगला आहे, पण त्याला शमुवेलासारखं उत्तरही असू शकतं, रिकाम्या हाताचं.

आई हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून एकदा सरळ विचारा, "तू नवस केलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं?" कदाचित त्या म्हणतील, पोर वाचावी एवढंच. नवसाचं ओझं बऱ्याचदा करणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर जास्त बसतं.

बायबल कॉलेजचा विचार मी धुडकावत नाही. ४४ हे काही वय झालं असंही नाही. खरं पाचारण असेल तर ते वर्षभर थांबल्यानं मरत नाही. उलट खरं आहे की नाही ते थांबल्यावरच कळतं. मला तपासायला लावाल तर मी तीन गोष्टी पाहीन.

मैत्रिणीला फोन करा आणि विचारा, गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तू काय केलंस. साक्ष नको, दिनक्रम हवा. माझा अंदाज, ती सांगेल की तांदळाचं पोतं कमी भरलं म्हणून वाद घातला, दोन मुलींना ताप होता, मोटर जळली, आणि रात्री बिलं लावत बसले. तुम्हाला हप्ते मोजायचा कंटाळा आला म्हणून तिकडे जायचं असेल तर तिथेही मोजणीच वाट बघत बसली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत रजा काढून आठवडाभर तिच्याकडे राहून या, पाहुणी म्हणून नाही, कामाला. परत येताना मन काय म्हणतं ते बघा.

दुसरी, घरात या निर्णयाची किंमत कोण देणार? कवी नारायण वामन टिळकांचा दाखला आपल्या संदेशांमध्ये नेहमी येतो, आणि आपल्या नागपूरकरांना तर त्याचं कौतुक जास्त. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची बाजू मात्र संदेशांत कमी येते. त्यानंतरची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधारानं, लोकांची बोलणी ऐकत राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानं, नवऱ्यामागोमाग फरफटत नाही. टिळकांनी चूक केली असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण एकाच्या पाचारणाचं बिल घरातलं दुसरं माणूस भरत असेल, तर निदान त्याला आधी विचारलेलं असावं. तुमच्या नवऱ्याचं "नवीन काय सुरू करून राहिली" हे वाक्य मला थट्टेचं वाटत नाही, घाबरल्याचं वाटतं. पगार, पीएफ, आईचं औषधपाणी, मुलाची अकरावी-बारावी, हे सगळं कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. देवावर विश्वास आहे म्हणून हिशेब मांडायचा नाही, असं प्रभूनं सांगितलेलं नाही. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हा दृष्टांत त्याचाच.

तिसरी गोष्ट कठोर आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परुश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कडक धर्मपंथीयांवर, संतापतो. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलं म्हणायचं आणि आईबापांसाठी काही करायचं नाही, ही त्यांची युक्ती. देवाचं नाव पुढे करून घरच्या माणसाचं देणं बुडवणं त्याला मुळीच खपलं नाही. तुम्ही सासूबाईंना टाळता आहात असं मी म्हणत नाही, तुमचं पत्र तसं नाही. पण पत्रात सासूबाई 'अडचण' म्हणून येतात आणि वसतिगृहातली मुलं 'सेवा' म्हणून, एवढं मला दिसलं.

राहिला हेतूचा प्रश्न. रूथ सासूसाठी शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा तिला संध्याकाळच्या भाकरीची चिंता होती. आपण दाविद राजाची पणजी होणार आहोत हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आयुष्याचा हेतू आधी कळावा आणि मग कामाला लागावं, असा क्रम मला बायबलमध्ये फारसा दिसत नाही. तो दिसतो व्याख्यानांमध्ये. तुम्हाला कशासाठी वाचवलं हे मी सांगू शकत नाही. मात्र वाचवलं त्याची परतफेड करायची आहे, अशी जी धास्ती तुमच्या पत्रात आहे, ती सोडायला हवी. कृपेचा हप्ता नसतो.

अशीच पत्रं इतरांकडूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. निवृत्त झालेल्या भावांनो, मंडळीत पद मिळत नाही म्हणून खंत करत बसण्यापेक्षा आठवड्यातली एक सकाळ नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत द्या. गडचिरोली, भंडारा, बालाघाटकडून आलेली माणसं केसपेपर हातात घेऊन कुठली खिडकी, कुठला वॉर्ड करत भटकत असतात. चष्मा लावून नीट वाचता येणं आणि घाई नसणं, एवढं भांडवल पुरे. फक्त तिथे पत्रकं वाटत बसू नका. आजारी माणसाच्या गरजेचा फायदा घेतल्यासारखं होतं. नोकरी शोधणाऱ्या तरुणांनो, 'देवाची योजना' कळेपर्यंत घरी थांबू नका, मिळेल ते प्रामाणिक काम धरा; दावीद निवडला गेला तेव्हा मेंढरं राखत होता आणि अभिषेकानंतरही काही काळ तेच करत राहिला. आणि ज्या बहिणी घरातच आहेत त्यांनी याफोची टबीथा वाचावी. तिनं विधवांसाठी कपडे शिवले. ती गेली तेव्हा त्या बायका ते अंगरखे पेत्राला दाखवत रडत होत्या, तिच्यासाठी वेगळी साक्ष कोणाला लिहावी लागली नाही.

शेवटी महिला मंडळाचं खजिनदारपद. "तिथेही हिशेबच" हे तुमचं उत्तर मला पटलं नाही. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात भेदभाव होतो अशी कुरकुर उठली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसं निवडली, आणि अट काय घातली? आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण असावीत. पौलानं यहूदियातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती पोहोचवायला मुद्दाम इतर भाऊ बरोबर घेतले, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. पैशाचं काम त्यांना खालचं वाटलं नाही, उलट धोक्याचं वाटलं. (शिष्यांची पैशांची डबी येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे होती, ते आपल्याला ठाऊक आहेच.) तुम्हाला जे येतं ते मंडळीत फार थोड्यांना येतं.

तेव्हा पद घ्या, पण अटी आधी सांगा. प्रत्येक वर्गणीची पावती, दहा रुपयांची असली तरी. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत. महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागेल, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात. विधवा निधीतून कोणाला मदत झाली ती नावं मात्र बोर्डावर नाहीत, ती वहीत. आणि वर्षाच्या शेवटी हिशेब तपासणारी बाई तुमच्या नात्यातली नसेल. मंडळाला हे मान्य असेल तर वर्षभर करून बघा. मान्य नसेल तर नम्रपणे नाही म्हणा, आणि कशासाठी नाही म्हटलं तेही बैठकीत सांगा, म्हणजे इतिवृत्तात येईल.

तुमची,
प्रभूमधली एक बहीण